माधवराव शिंदे यांची मंत्रिपदाची कारकीर्द: राजीनाम्यापलीकडे काय?

प्रश्न: गिरगावकर

नमस्कार. आमच्या वाचक मंडळाने यंदा केंद्रात वाहतुकीची खाती सांभाळलेल्या मंत्र्यांवर काही व्याख्याने ठेवली आहेत आणि त्यांपैकी माधवराव शिंदे यांच्यावर मी बोलावे असे ठरले आहे. श्रोत्यांपैकी बहुतेक जण साठीच्या पुढचे, वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारे असल्यामुळे त्यांच्यासमोर केवळ चरित्राचा तक्ता मांडून भागणार नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

रूपरेखा माझ्याजवळ आहे. जन्म आपल्या मुंबईतलाच, १० मार्च १९४५ चा. १९७१ मध्ये, म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षी, गुना मतदारसंघातून जनसंघातर्फे ते लोकसभेवर गेले. १९७७ मध्ये अपक्ष म्हणून, १९८० मध्ये काँग्रेसचे म्हणून आणि १९८४ मध्ये ग्वाल्हेरमध्ये थेट अटलबिहारी वाजपेयींना पराभूत करून ते निवडून आले. सलग नऊ निवडणुकांत त्यांनी एकदाही हार पाहिली नाही. ऑक्टोबर १९८६ ते डिसेंबर १९८९ या काळात ते रेल्वे खात्याचे स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री होते, तर जून १९९१ पासून जानेवारी १९९३ पर्यंत नागरी विमान वाहतूक मंत्री होते. पुढचे मनुष्यबळ विकास खाते, हवाला प्रकरणात नाव आल्यावर दिलेला राजीनामा, स्वतंत्र पक्ष, काँग्रेसमध्ये परतणे आणि ३० सप्टेंबर २००१ रोजी मैनपुरीजवळ विमान अपघातात झालेला मृत्यू हा भाग मी थोडक्यात सांगणार आहे, कारण विषय वाहतुकीचा आहे.

ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: शताब्दी एक्स्प्रेस आणि १९९३ चा राजीनामा. त्या राजीनाम्याला लालबहादूर शास्त्रींच्या १९५६ मधील राजीनाम्याच्या रांगेत बसवले जाते. ती तुलना कितपत खरी आहे? आणि खासगी विमान कंपन्यांना दार उघडण्याचे श्रेय त्यांना कितपत द्यावे?

प्रतिसाद: जुने कात्रण

आपला पहिला प्रश्न योग्य आहे, पण त्याचे उत्तर शोधताना केवळ ९ जानेवारी १९९३ या दिवसाकडे पाहून चालणार नाही. त्या दिवशी हैदराबादहून दिल्लीला आलेले टुपोलेव्ह १५४ जातीचे विमान दाट धुक्यात उतरताना धावपट्टीच्या कडेला जाऊन उलटले. विमानात १६५ माणसे होती आणि सगळी वाचली. एकही माणूस दगावला नसताना मंत्र्याने पद सोडले, म्हणून त्या राजीनाम्याचे कौतुक झाले आणि आजही होते.

आता त्याआधीच्या दोन तारखा पाहा. ८ जुलै १९८८ रोजी केरळात कोल्लमजवळ पेरुमण येथे आयलंड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले आणि १०५ प्रवासी मृत्युमुखी पडले. रेल्वे खाते तेव्हा माधवरावांकडे होते आणि पुढे सुमारे दीड वर्ष, सरकार जाईपर्यंत, ते त्यांच्याकडेच राहिले. १६ ऑगस्ट १९९१ रोजी कलकत्त्याहून इंफाळला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ डोंगरावर आदळले आणि विमानातील सर्व ६९ जण ठार झाले. विमान वाहतूक खाते त्यांच्याकडे येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते; त्यांनी पद सोडले नाही आणि सोडावे असे कोणी फारसे म्हटलेही नाही.

म्हणजे मृतांची संख्या हा निकष धरला तर हा राजीनामा समजतच नाही. शास्त्रींचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे. महबूबनगरच्या अपघातानंतर त्यांनी राजीनामा देऊ केला, तो नेहरूंनी स्वीकारला नाही. त्यानंतर नोव्हेंबर १९५६ मध्ये अरियालूरला पुन्हा मोठा अपघात झाला तेव्हा मात्र तो स्वीकारला गेला. पूल वाहून गेला, गाडी नदीत गेली. त्यात मंत्र्याचा असा कोणता निर्णय नव्हता. शास्त्रींनी खात्याचा प्रमुख म्हणून दोष आपल्याकडे घेतला, आणि नैतिक जबाबदारी हे शब्द तिथे पुरेपूर लागू पडतात.

१९९३ च्या प्रकरणात मात्र विमान कोणाचे होते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. ते इंडियन एअरलाइन्सचे नव्हतेच. वैमानिकांचा संप चालू असताना उझबेकिस्तानहून वैमानिकांसह भाड्याने आणलेले ते विमान होते. संपाला उत्तर म्हणून परदेशी विमाने आणि परदेशी वैमानिक आणून सेवा चालू ठेवायची, हा निर्णय मंत्रालयाच्या संमतीवाचून होणे शक्य नव्हते. म्हणून माझे मत असे की, पेरुमण आणि इंफाळ हे खात्याचे अपघात होते, तर दिल्लीचा अपघात धोरणाच्या पोटातून आला होता, आणि हा फरक माधवरावांना इतरांपेक्षा लवकर कळला. त्यामुळे त्यांचा राजीनामा शास्त्रींच्या राजीनाम्यापेक्षा कमी उदात्त वाटला तरी जबाबदारीच्या हिशेबाने अधिक काटेकोर ठरतो.

प्रतिसाद: पार्लेकरीण

मी त्या काळात सांताक्रूझच्या देशांतर्गत विमानतळावर जमिनीवरच्या सेवेत होते, म्हणून वरील प्रतिसादात एक बाजू जोडावीशी वाटते.

संपकाळातल्या त्या भाड्याच्या व्यवस्थेला आमच्याकडे सगळे ‘वेट लीज’ म्हणत, म्हणजे विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा असे सगळे मालकाचे, आणि आपण फक्त प्रवासी बसवायचे. अशा व्यवस्थेत विमान उडवणारा माणूस ज्या विमानतळांवर उतरतो त्यांची त्याला सवय नसते आणि नियंत्रण कक्षाशी तो ज्या भाषेत बोलतो ती त्याची रोजची भाषा नसते. त्यात जानेवारीतली दिल्ली! अत्यंत कमी दृश्यमानतेत उतरवणारी जी यंत्रणा आज दिल्लीला आहे ती त्या वेळी नव्हती, आणि सकाळची विमाने दुपारपर्यंत खोळंबून राहणे हे हिवाळ्यातले नित्याचे चित्र होते. संपामुळे आधीच प्रवाशांची कोंडी झालेली असताना, काहीही करून विमाने चालवण्याचा दबाव वरपासून खालपर्यंत जाणवत होता, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

वैमानिकांच्या मागण्या सगळ्या रास्त होत्या असे मी म्हणणार नाही. जमिनीवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना त्यांच्याबद्दल फार जिव्हाळा होता अशातलाही भाग नाही. पण त्यांच्या संपाला बळ कशाने मिळाले ते पाहिले पाहिजे. १९९२ मध्ये खासगी विमाने उडू लागली आणि प्रशिक्षित वैमानिकाला पहिल्यांदाच देशातल्या देशात दुसरा मालक मिळण्याची शक्यता निर्माण झाली. एकीकडे सरकारने खासगी कंपन्यांना वाट दिली आणि दुसरीकडे सरकारी कंपनीतल्या वेतनाची चौकट जुनीच ठेवली. ही दोन्ही टोके एकाच मंत्र्याच्या टेबलावर होती. माधवरावांनी संपापुढे न झुकण्याचा पवित्रा घेतला. तो लोकांना आवडला, कारण विमानाने जाणाऱ्या वर्गाला संपकऱ्यांचा राग होता. अपघातात जीवितहानी झाली नाही हे सगळ्यांचेच नशीब. झाली असती तर आज राजीनाम्याचे कौतुक झाले नसते. भाड्याची विमाने आणण्याच्या निर्णयाची चौकशी किती खोल गेली, हाच प्रश्न लोकांनी विचारला असता. मला तर वाटते की राजीनाम्याने तो प्रश्न फार सभ्यपणे मिटवून टाकला.

व्याख्यानात हे बोलाल तर काही श्रोते नाराज होतील. तरी बोला.

प्रतिसाद: लोहमार्ग

विमानांची चर्चा रंगात आली आहे, पण माझ्या मते माधवरावांचे भरीव काम रेल्वेतले आहे आणि त्यातही शताब्दीचा वाटा लोक मानतात तेवढा मोठा नाही.

शताब्दी १९८८ मध्ये सुरू झाली, नेहरूंच्या जन्मशताब्दीचे निमित्त साधून तिला नाव मिळाले, आणि पहिली गाडी नवी दिल्लीहून आग्रा, ग्वाल्हेरमार्गे झाशीपर्यंत धावली. पुढे ती भोपाळपर्यंत गेली. मंत्र्याच्या मतदारसंघाला गाडी मिळणे ही आपल्या रेल्वेची फार जुनी रीत आहे, तेव्हा ग्वाल्हेरबद्दल कोणी भुवया उंचावू नयेत. शिवाय दिल्ली ते आग्रा हा टप्पा वेगासाठी सोयीचा होताच. २०१६ मध्ये गतिमान एक्स्प्रेस ताशी १६० किलोमीटरने धावली तीही याच टप्प्यावर. शताब्दीतली नवी गोष्ट अशी की, सकाळी निघून काम आटोपून रात्री घरी परतणारा प्रवासी तिने डोळ्यांसमोर ठेवला, त्याला बसायला वातानुकूलित डबा आणि तिकिटाच्या पैशातच जेवण दिले. त्याआधी लांबच्या गाडीची कल्पना म्हणजे वळकटी, सुरई आणि रात्रीचा प्रवास.

संगणकीकृत आरक्षण हा त्यांच्या कारकिर्दीचा खरा गाभा म्हणावा लागेल. प्रयोगाची सुरुवात दिल्लीत त्यांच्याकडे स्वतंत्र कार्यभार येण्याच्या आधी झाली, म्हणून जनकत्व त्यांना देता येणार नाही, पण मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत ती पद्धत त्यांच्या काळात पोहोचली आणि तिला खात्यातून होणारा विरोध त्यांनी मोडून काढला. तरुण वाचकांसाठी सांगतो की, व्ही.टी.च्या आरक्षण कार्यालयात पूर्वी प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची वेगळी वही असे आणि ती वही ज्या खिडकीवर असेल त्याच खिडकीसमोर त्या गाडीच्या प्रवाशाने उभे राहायचे. शेजारची खिडकी मोकळी असली तरी उपयोग नाही. वही ज्याच्या हातात, त्याच्या हातात जागा. दलालांचे सगळे बस्तान या एका गोष्टीवर बसलेले होते. संगणकाने कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट देता येऊ लागले. शहराशहरांमधील यंत्रणा एकमेकींना जोडून संपूर्ण जाळे तयार व्हायला मात्र १९९९ उजाडले, त्यामुळे परतीच्या तिकिटाची कटकट बरीच वर्षे राहिली.

दुसरी गोष्ट कोणीच सांगत नाही. मार्च १९८८ मध्ये कंटेनर कॉर्पोरेशन, म्हणजे आपण ज्याला कॉन्कॉर म्हणतो ती सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचे काम सुरू झाले. त्याच १९८९ मध्ये इकडे न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. जहाजातून उतरलेला कंटेनर न फोडता रेल्वेने थेट दिल्लीच्या बाजूला नेण्याची जी साखळी आज आपण गृहीत धरतो तिचे दोन दुवे असे एकाच सुमारास तयार झाले. मुंबईच्या गोद्यांमधून माल हळूहळू पलीकडे गेला, त्याचे बरेवाईट परिणाम माझगाव, भायखळ्याच्या लोकांनी भोगले, आणि तो स्वतंत्र विषय आहे. गिरगावातल्या श्रोत्यांना शताब्दीपेक्षा ही गोष्ट अधिक जवळची वाटेल. कपुरथळ्याच्या डबे कारखान्यातून पहिला डबा बाहेर पडला तोही १९८८ मध्येच.

आणि जाता जाता: हे सगळे करताना ते राज्यमंत्रीच होते. अर्थसंकल्प ते मांडत, उत्तरे ते देत, पण दर्जा राज्यमंत्र्याचा. रेल्वेच्या इतिहासात असे क्वचितच घडले आहे.

प्रतिसाद: एक्स्चेंज गल्ली

मूळ प्रश्नातील दुसऱ्या भागाचे उत्तर अजून राहिले आहे.

१९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने नियमित विमानसेवा चालवण्याचा अधिकार एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन महामंडळांपुरताच ठेवला होता. तो कायदा करून घेणारे त्या वेळचे दळणवळण मंत्री जगजीवनराम होते, आणि आपल्या मालिकेत त्यांच्यावर व्याख्यान नसेल तर जरूर ठेवावे, कारण नंतर रेल्वे आणि वाहतूक ही खातीही त्यांनी सांभाळली. कायदा जागेवर असताना खासगी विमाने उडवायची कशी, या प्रश्नाला काढलेली पळवाट म्हणजे ‘एअर टॅक्सी’. ही योजना ऐंशीच्या दशकातच आली होती; माधवरावांच्या काळात ती एवढी सैल झाली की मोठी जेट विमाने तिच्याखाली उडू लागली. अधिकृत वेळापत्रक जाहीर करायचे नाही एवढीच अट, आणि ती कागदावर पाळत १९९२ मध्ये मुंबईहून ईस्ट वेस्ट एअरलाइन्स सुरू झाली. १९९३ मध्ये दमानिया, मोदीलुफ्त, सहारा या कंपन्या आल्या आणि ५ मे १९९३ रोजी मुंबईहूनच जेट एअरवेजने पहिले उड्डाण केले; तोवर माधवराव पदावरून गेले होते. १९५३ चा कायदा रद्द झाला तो १९९४ मध्ये, गुलाम नबी आझाद मंत्री असताना. तेव्हा कल्पना आधीच्यांची, कायदेशीर शिक्कामोर्तब नंतरच्यांचे, आणि मधली फट रुंद करून तिच्यातून प्रत्यक्ष विमान जाऊ देण्याचे काम माधवरावांचे, अशी श्रेयाची वाटणी मला योग्य वाटते. कायदा बदलण्याआधी व्यवहार बदलू देणे ही नरसिंह राव सरकारची एकूणच पद्धत होती, त्यामुळे यातला किती भाग मंत्र्याचा स्वभाव आणि किती भाग काळाचा, हे वेगळे काढणे अवघड आहे.

त्या लाटेतल्या बहुतेक कंपन्या पाच वर्षेही टिकल्या नाहीत. सहारा २००७ मध्ये जेटने घेतली आणि जेट १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला आले. योगायोग असा की त्या दिवशी विमान वाहतूक मंत्री होते सुरेश प्रभू, म्हणजे माधवरावांप्रमाणेच रेल्वे आणि विमान ही दोन्ही खाती पाहिलेले दुसरे मराठी नाव. ऑगस्ट २०१७ मध्ये खतौली आणि औरैया येथील लागोपाठच्या रेल्वे अपघातांनंतर प्रभूंनीही जबाबदारी घेऊन पद सोडण्याची तयारी दाखवली होती. त्यांना थांबायला सांगण्यात आले, आणि पुढच्याच महिन्यात रेल्वे खाते जाऊन वाणिज्य खाते आले. राजीनाम्याची जागा खातेबदलाने घेतली, हे आपल्या राजकारणाचे बदललेले व्याकरण व्याख्यानात मांडण्यासारखे आहे.

प्रतिसाद: गिरगावकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पेरुमण, इंफाळ आणि दिल्ली हे तीन अपघात एकापुढे एक ठेवून सुरुवात करावी असे आता वाटते, आणि पार्लेकरीण ताईंनी मांडलेला संपाचा मुद्दा त्याला जोडूनच घेईन. कंटेनर आणि न्हावाशेवा यांचा संबंध माझ्या टिपणात मुळीच नव्हता. लोहमार्ग यांना विनंती की, आरक्षणाच्या वहीबद्दल दोन शब्द बोलायला आपण प्रत्यक्ष आलात तर मंडळाला आनंद होईल.

एक शंका आहे. माधवरावांचे चिरंजीव ज्योतिरादित्य यांनी जुलै २०२१ ते जून २०२४ या काळात तेच विमान वाहतूक खाते सांभाळले. हा धागा व्याख्यानात घ्यावा, की तो घराणेशाहीच्या वादात वाहून जाईल? शिवाय मूळ साधने कुठे पाहावीत?

प्रतिसाद: जुने कात्रण

ज्योतिरादित्यांचा उल्लेख एका परिच्छेदापुरता ठेवावा आणि तोही १९५३ च्या कायद्याला जोडून, कारण राष्ट्रीयीकरणात सरकारकडे गेलेली एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परत गेली ती त्यांच्या कारकिर्दीत. विक्रीची प्रक्रिया मात्र आधीपासून चालू होती. ग्वाल्हेर विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी, म्हणजे माधवरावांच्या जन्मदिनी झाले, हेही सांगता येईल. त्याच कार्यक्रमात पुणे आणि कोल्हापूर येथील नव्या इमारतींचेही उद्घाटन झाले होते, त्यामुळे श्रोत्यांपैकी कोल्हापूरकर खूश होतील.

साधनांबद्दल: रेल्वे अर्थसंकल्पाची भाषणे रेल्वे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत, १९८७, १९८८ आणि १९८९ ची तिन्ही वाचावीत, आणि प्रवासी भाड्यापेक्षा मालवाहतुकीवरचे परिच्छेद सावकाश वाचावेत. लोकसभेतील चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात सापडतात. वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांसाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आधी चौकशी करून जावे. जानेवारी १९९३ चे अंक चाळताना एवढे ध्यानात असू द्या की, त्या आठवड्यात मुंबई दंगलींनी पेटलेली होती, तेव्हा दिल्लीतल्या या राजीनाम्याची बातमी पहिल्या पानावर सापडली नाही तर आतली पाने पाहावीत.